बंद नळीतलं तेल खराब कसं होतं?

प्रश्न : काका, बाबांची सव्वाशे सीसीची मोटारसायकल दहा वर्षांची आहे, साठ हजार किलोमीटर चाललेली. हल्ली पुढचा ब्रेक दाबला की तिचं तोंड एकदम खाली बुडतं आणि गतिरोधकावरून उतरल्यावर ती दोन-तीनदा डुलते. मेकॅनिक म्हणाले, ‘शॉकअपचं तेल बदलायला झालंय.’ इंजिनातलं तेल आगीच्या शेजारी असतं, ते खराब होणारच. पण शॉकअप म्हणजे दोन्हीकडून बंद नळी. आत ना आग, ना धूर. तिथलं तेल कशानं खराब होतं? बाबांना उत्तर देता आलं नाही, म्हणून तुम्हाला विचारते. आणखी चार शंका खाली लिहिल्या आहेत.
(अकरावी विज्ञानची एक विद्यार्थिनी, कराड)

उत्तर : नळी बंद आहे हे खरं, पण आत शांतता नाही. बाबा गाडी चालवत असतात तेव्हा त्या नळीत सतत घुसळण चालू असते.

शॉकअपचा एक पाय डोळ्यांसमोर आण. वर पोलादी, चकचकीत क्रोम केलेली नळी. गॅरेजवाले तिला पाइप म्हणतात. ती खालच्या ॲल्युमिनियमच्या जाड नळीत वर-खाली सरकते. खालच्या भागाला ते बॉटम म्हणतात. पाइपात लांब स्प्रिंग. स्प्रिंगखाली बॉटमच्या तळाशी बोल्टनं बसवलेला एक पोकळ दांडा, त्याला बारीक भोकं. खालच्या भागात तेल आणि वर राहिलेल्या जागेत हवा. पाइप जिथे बॉटममध्ये शिरतो तिथे रबरी ऑइल सील, आणि त्याच्यावर धूळ अडवणारं दुसरं सील.

गाडीचं वजन पेलते ती स्प्रिंग. पण स्प्रिंग प्रामाणिक असते. जेवढं दाबाल जवळपास तेवढं परत देते. नुसत्या स्प्रिंगवर गाडी ठेवली तर प्रत्येक खड्ड्यानंतर ती झोक्यासारखी डुलत राहील. तो झोका थांबवायचं काम तेलाचं. रंगपंचमीची पिचकारी आठव. दट्ट्या हळू दाबला तर पाणी सहज येतं. जोरात दाबायला गेलीस की हाताला विरोध जाणवतो, कारण तेवढंच पाणी त्याच बारीक भोकातून घाईनं काढायचं असतं. शॉकअपमध्ये तेच होतं. चाक वर आलं की तेल दांड्याच्या भोकांतून रेटलं जातं, स्प्रिंग परत उसळताना पुन्हा रेटलं जातं. भोकातून तेल वेगानं जात असेल तर वेग दुप्पट झाल्यावर विरोध साधारण चौपट होतो. या झटापटीत खड्ड्यानं दिलेली ऊर्जा उष्णता होऊन तेलात जिरते. पाइप आणि बॉटम एकमेकांवर झिजू नयेत म्हणून वंगण देणं हे तेलाचं दुसरं काम. मुख्य काम डुलणं खाऊन टाकण्याचं.

तेल वापरायची ही युक्ती फार जुनी नाही. आधीच्या गाड्यांच्या पुढच्या चिमट्याला स्प्रिंग असे आणि डुलणं थांबवायला एकमेकांवर घासणाऱ्या चकत्या. स्वार हातानं मूठ फिरवून त्या घट्ट-सैल करी. 1935 साली बीएमडब्ल्यूनं आर 12 ही गाडी आणली, तिच्यात तेलानं डुलणं थांबवणारा, दुर्बिणीसारखा सरकणारा चिमटा, म्हणजे फोर्क, होता. बाबांच्या गाडीचा शॉकअप त्याच घराण्यातला.

आता तुझा प्रश्न. तेल तीन गोष्टींनी बिघडतं. पहिली, धातू. पाइप बॉटममध्ये लाखो वेळा सरकतो, त्या घासण्यातून ॲल्युमिनियमचा आणि आतल्या बुशांचा अतिशय बारीक कीस निघतो. इंजिनाला निदान गाळायला जाळी किंवा फिल्टर असतो. इथे निघालेला कीस तेलातच राहतो आणि पुढची झीज वाढवतो. दुसरी, पाणी. पावसाळा, दमट हवा आणि वॉशिंग सेंटरवरचा जोराचा फवारा थेट सीलवर मारला गेला तर सीलच्या ओठांतून थोडंथोडं पाणी आत जातं. तिसरी, तेलाचा स्वतःचा थकवा. तेल थंडीत फार घट्ट आणि उन्हात फार पातळ होऊ नये म्हणून त्यात लांबलचक रेणूंची द्रव्यं मिसळतात. भोकांतून रेटले जाता जाता ते रेणू तुटतात, तेल पातळ होतं. फेस अडवणारं द्रव्यही दमतं. मग रवीनं घुसळलेल्या ताकासारखा फेस येतो. फेस म्हणजे निम्मी हवा, आणि हवा भोकातून विनातक्रार निघून जाते. विरोध संपला की डुलणं सुरू.

हे सगळं इतकं सावकाश होतं की स्वाराला कळत नाही. चष्म्याचा नंबर वाढावा तसं. बाबांचं शरीर रोज थोडं जुळवून घेतं. तुला फरक जाणवला याचं एक कारण हेही असेल की तू त्या गाडीवर रोज बसत नाहीस.

प्रश्न : तेलच गेलंय की आणखी काही, हे कसं ओळखायचं?

उत्तर : पुढचा ब्रेक दाबल्यावर तोंड थोडं खाली जाणारच, कारण वजन पुढच्या चाकावर येतं. बघायचं ते हे की पुढे काय होतं. गाडी सपाट जागी उभी कर, बाबांना पुढचा ब्रेक दाबून धरायला सांग आणि हँडल खाली दाबून एकदम सोड. तोंड वर येऊन तिथेच थांबलं तर तेल अजून काम करतंय. वर-खाली, वर-खाली झालं तर दम गेलाय.

दाबताना खट्ट असा आवाज आला किंवा चाक हवेत असताना शॉकअपचे दोन पाय धरून मागे-पुढे हलवल्यावर हँडलखाली खेळ जाणवला, तर दोष कोन सेटमध्ये, म्हणजे हँडल ज्यांवर फिरतं त्या बेअरिंगांत, असण्याची शक्यता आहे. तेल बदलून तो जाणार नाही.

मग पाइपवर बोट फिरव. तेलाचं ओलं कडं दिसलं, बॉटमवर धूळ चिकटून काळी रेघ उतरली असेल, तर सील गळतंय. तेल कमी होतं ते असं : दर फेरीला एक पातळ थर बाहेर. कधीकधी सील गेलेलं नसतं, त्याच्या ओठाखाली चिखलाचा कण अडकलेला असतो. वरचं धुळीचं सील हळूच उचलून जुन्या कॅमेऱ्याच्या फिल्मची पट्टी किंवा तशीच मऊ प्लास्टिकची पट्टी ओठाखालून फिरवली तर कण निघून येतो आणि गळती थांबते. पाइपावर गंजाचे खड्डे किंवा ओरखडे असतील तर नवं सीलही लवकर फाटेल. आणि गळणारं तेल ब्रेकच्या डिस्कवर किंवा ड्रमकडे जात असेल तर गाडी रस्त्यावर नेऊच नका.

प्रश्न : गॅरेजमध्ये एका काकांना इंजिनाचंच तेल ओतताना पाहिलं. चालतं का?

उत्तर : काही जुन्या ब्रिटिश गाड्यांच्या पुस्तकांत शॉकअपमध्ये इंजिनाचंच तेल सांगितलेलं असे. त्या गाड्यांची भोकं त्या तेलासाठी केलेली होती. बाबांच्या गाडीची नाहीत. आपल्याकडे दुकानात सहज मिळतं ते 20 डब्ल्यू 40 इंजिन ऑइल 40 अंश सेल्सिअसला नेहमीच्या 10 डब्ल्यू फोर्क ऑइलच्या तिपटीहून घट्ट असू शकतं. ते ओतल्यावर डुलणं थांबतं म्हणून गिऱ्हाईक खूश होतं. पण चौपटीचा हिशेब आठव : वेगात लहान खड्डा आला की घट्ट तेल भोकांतून पुरेसं निघतच नाही, शॉकअप लोखंडी कांब झाल्यासारखा वागतो आणि धक्का थेट मनगटात येतो.

गाडीच्या पुस्तकात जे लिहिलंय तेच तेल घ्या. फोर्क ऑइलच्या डब्यावरच्या 5, 10, 15 या आकड्यांवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. एका कंपनीचं 10 दुसरीच्या 10 पेक्षा बरंच वेगळं असू शकतं. तुलना करायचीच तर 40 अंशाला किती सेंटिस्टोक, हा आकडा बघा. घट्टपणाचं खरं माप ते.

प्रश्न : तेल किती घालायचं? बाबा म्हणतात, डब्यातलं अर्धं अर्धं.

उत्तर : बाबांना म्हणावं, इथे अंदाजपंचे चालत नाही. शंभर-सव्वाशे सीसीच्या गाड्यांना साधारण दर पायाला दीडशे-दोनशे मिलीलिटरच्या आसपास तेल लागतं. नेमका आकडा पुस्तकात असतो. पण त्यातही एक खोच आहे. काही पुस्तकं पूर्ण सुट्या, पुसून कोरड्या केलेल्या शॉकअपचं माप देतात. तू नुसतं तेल ओतून काढलंस तर आत भिंतींना, दांड्याच्या तळाशी थोडं जुनं तेल चिकटून राहतं. मग पुस्तकातलं पूर्ण माप ओतलं की तेल जास्त होतं.

म्हणून जाणकार तेल मोजल्यावर वरची रिकामी जागाही मोजतात. स्प्रिंग बाहेर काढलेली, पाइप बॉटममध्ये पूर्ण खाली दाबलेला, नळी सरळ उभी. अशा वेळी पाइपच्या तोंडापासून तेलाच्या पृष्ठभागापर्यंतचं अंतर. बऱ्याच पुस्तकांत हाही आकडा असतो. दोन्ही दिले असतील तर या अंतरावर जास्त विसंबायचं.

कारण वरची हवा रिकामी बसलेली नसते. ती दुसरी स्प्रिंग असते. थोडं गणित कर, तुझ्या वहीतलंच आहे. धर की पाइपचा आतला व्यास 26 मिलिमीटर. छेदाचं क्षेत्रफळ सुमारे 5.3 चौरस सेंटिमीटर. म्हणजे 10 मिलीलिटर तेल जास्त पडलं की पातळी जवळजवळ दोन सेंटिमीटर वर येते. आता बाहेरचा व्यास 30 मिलिमीटर आणि शॉकअप 12 सेंटिमीटर दबतो असं धर. पूर्ण दबताना हवेची सुमारे 85 घन सेंटिमीटर जागा जाते. शेवटी 80 उरत असतील तर सुरुवातीला 165 होती. दाब दुपटीला थोडा कमी-जास्त. पण 20 मिलीलिटर तेल जादा असेल तर 145 ची 60 होते, दाब अडीचपटीकडे जातो. शेवटच्या टप्प्यात शॉकअप दगडासारखा होतो आणि सीलवरचा ताण वाढतो. तेल कमी पडलं तर उलट : शॉकअप तळाला आपटतो. हिशेब ढोबळ आहे, स्प्रिंगच्या पोलादानं घेतलेली जागा मी सोडून दिली आहे, पण दिशा बरोबर आहे.

आणि दोन्ही पायांत पातळी एकसारखी हवी. एक पाय कडक आणि एक मऊ असेल तर आस तिरका ओढला जातो.

प्रश्न : घरी कसं करायचं, क्रमानं सांगा.

उत्तर : आधी बॉटमच्या खाली, बाजूला बारीक स्क्रू आहे का बघ. काही जुन्या गाड्यांत तेल काढायला तो असे. बाबांच्या गाडीला बहुधा नसेल, म्हणजे पाय उतरवावे लागतील. तळाशी जो एलन बोल्ट दिसतो तो तेल काढायचा नव्हे. आतला दांडा धरणारा आहे. सील बदलायचं नसेल तर त्याला हात लावू नकोस. सैल केलास की दांडा आत गरगर फिरत बसतो, आणि त्याखालचा तांब्याचा वॉशरही मग नवा लागतो.

गाडी मधल्या स्टँडवर, सपाट फरशीवर. इंजिनाखाली लाकडी ठोकळा असा की पुढचं चाक उचललेलं राहील. ठोकळा सायलेन्सरच्या पाइपवर टेकवायचा नाही. बाबांनी गाडी हलवून बघावी. डगमगत असेल तर पुढे जायचं नाही.

चाक काढण्याआधी दोन मापं. पाइपाचं टोक हँडलखालच्या वरच्या प्लेटपासून किती वर आहे ते पट्टीनं मोजून लिहून ठेव; परत बसवताना तेवढंच हवं. आणि फोनवर फोटो काढ : वायरी, ब्रेकची नळी, स्पीडोमीटरची केबल कुठून जाते त्याचे.

आता एक गोष्ट जी बहुतेक जण विसरतात. शॉकअपच्या माथ्यावरचा बोल्ट, पाय अजून गाडीवर असतानाच सैल करायचा. वरच्या प्लेटचा आवळ-बोल्ट सैल, खालच्या टीचा (दोन्ही पाय खालून धरणाऱ्या जोडाचा) घट्ट, मग माथ्यावरचा बोल्ट अर्धा फेरा. पाय सुटा काढल्यावर गोल पाइप धरायला काहीच उरत नाही आणि पक्कड लावली तर क्रोमला ओरखडा पडतो. काही गाड्यांत बोल्टऐवजी दाबून बसवलेली टोपी आणि तारेची रिंग असते, काहींत आधी हँडल सोडवावं लागतं.

मग चाक, मडगार्ड. डिस्क ब्रेक असेल तर कॅलिपर तारेनं बांधून टांग. ब्रेकच्या नळीवर लोंबकळत ठेवू नकोस, आणि तो सुटा असताना कुणी ब्रेक दाबू नये. शेवटी प्लेट नि टीचे बोल्ट सैल करून पाय पिळत पिळत खाली ओढायचा.

पाय उभा धरून माथ्यावरचा बोल्ट पूर्ण काढताना वरून तळहातानं दाबून ठेव, मध्ये जाड फडकं आणि चेहरा बाजूला. आत स्प्रिंग दाबलेली असते. पहिल्यांदा मी घाई केली तेव्हा बोल्ट उडून शेजाऱ्यांच्या पत्र्यावर वाजला. डोळ्यावर बसला असता तर ही प्रश्नोत्तरं दुसऱ्या कुणी लिहिली असती.

स्प्रिंगचं कोणतं टोक वर होतं त्याची खूण कर आणि ती काढून ठेव. पाय पातेल्यावर उलटा धरून दहा-बारा वेळा दाब-सोड कर. मग तासभर उलटाच निथळत ठेव. या तासात स्प्रिंग पुसून घे, दुसरा पाय काढ.

नवं तेल मोजपात्रातून घाल, लिहिल्यापेक्षा थोडं जास्त. पाइप हळूहळू वर-खाली कर, म्हणजे दांड्यात अडकलेली हवा बुडबुड्यांनी वर येईल. दहा मिनिटं उभा ठेव. मग पाइप पूर्ण खाली दाबून पातळी बघ. जादा तेल काढायला औषधाच्या दुकानातली मोठी सिरिंज आणि सलाइनची नळी उत्तम. पुस्तकातलं अंतर नळीवर चिकटपट्टीनं खूण करून नळी तेवढीच आत सोड आणि ओढ. नळीच्या खालच्या टोकाच्या वरचं तेल बाहेर येतं, नळी हवा ओढायला लागली की पातळी बरोबर.

जोडणी उलट क्रमानं. बोल्ट पुस्तकातल्या टॉर्कनं आवळायचे. टॉर्क पाना उसना मिळतो. चाकाचा आस बसवल्यावर, ज्या गाडीत आस धरणारा आवळ-बोल्ट असेल तिथे तो शेवटी घट्ट कर. आधी गाडी खाली घेऊन पुढचा भाग चार-पाचदा दाबायचा, म्हणजे दोन्ही पाय आपापल्या जागी सरळ बसतात. डिस्क ब्रेकचं लिव्हर घट्ट लागेपर्यंत दाबत राहा. पहिल्या दाबात ते रिकामं जाईल. ड्रम असेल तर केबलचा खेळ बघा. हे झाल्याशिवाय बाबांनी गाडी फाटकाबाहेर काढायची नाही.

पहिल्या वेळी अर्धा दिवस धरा. पाइप वाकलेला असेल, क्रोम उडालं असेल किंवा सील बदलायचं असेल तर ते काम गॅरेजचं. मैत्रिणीच्या भावाकडे चाकणला बनणारी ड्यूक असेल तर तिच्यासाठीही ही कृती वापरू नका. तिचा उलटा फोर्क वेगळा असतो, त्याला खास हत्यारं लागतात. जुन्या चेतकला तर हा प्रकारच नाही, तिचं पुढचं चाक एका बाजूनं झुलत्या हातावर बसवलेलं असतं.

जुनं तेल मोरीत किंवा बागेत ओतायचं नाही. वापरलेलं तेल घातक कचऱ्यात मोडतं. जुनं इंजिन ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्या. पण त्याआधी त्यातलं थोडं एका काचेच्या बरणीत घालून झाकण लावून आठवडाभर हलवू नकोस. तळाशी राखाडी, चंदेरी गाळ बसेल. बाहेरून बरणीला लोहचुंबक लाव आणि हळूच सरकव. गाळातला जो भाग चुंबकामागे येईल ते पोलाद. जो जागचा हलणार नाही त्यात बॉटमचं ॲल्युमिनियम. पाणी गेलं असेल तर तळाशी वेगळा थर किंवा दुधाळपणा दिसेल. तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी वर दिलंय, पण खात्री त्या बरणीकडून करून घे.